थांबण्याची ऐपत

दिवाळीच्या आठवड्यात लाखांदूर तालुक्यातल्या बांध्यांमध्ये हलके धान कापून पडलेले असते आणि भारी धान अजून उभे असते. कडपा उन्हात वाळल्या की भारे बांधायचे, पुंजणे रचायचे, मग मळणी. याच आठवड्यात कृषी केंद्राची उधारी मागायला माणूस येतो. चिखलणीचे ट्रॅक्टरवाल्याला द्यायचे राहिलेले असतात, रोवणीच्या हुंड्यातले, म्हणजे ठोक ठरवलेल्या मजुरीतले, काही पैसे बाकी असतात, भाऊबीजेला बहिणी यायच्या असतात आणि गावच्या मंडईची जत्रा तोंडावर असते. धान पुरते वाळलेले नसते, आधारभूत खरेदी केंद्र सुरू झालेले नसते आणि घरात रोकड नसते. अशा वेळी व्यापाऱ्याची गाडी खळ्यावर येते आणि तो भाव सांगतो. हा भाव हमीभावापेक्षा कमी आहे, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही पक्के ठाऊक असते.

उत्पन्नातली विषमता मला या एका व्यवहारात जितकी स्वच्छ दिसते तितकी कोणत्याही आलेखात दिसत नाही. वीस एकरवालाही तेच धान पिकवतो, त्याच नहराच्या पाण्याची वाट पाहतो, त्याच तुडतुड्याने आणि खोडकिड्याने हैराण होतो. पण तो गाडी परत पाठवू शकतो. त्याच्या वाड्यात कट्टे रचायला जागा आहे, मुलाची नोकरी आहे किंवा बँकेत ठेव आहे. तो डिसेंबरपर्यंत, लागलेच तर होळीपर्यंत थांबेल. दोन एकरवाल्याला कशाला थांबत नाही असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते: "थांबून का करता जी? देणेदार थांबते का?"

मंदीबद्दल बोलताना आपण जीडीपी किती घसरला, शेअर बाजार किती पडला, नोकऱ्या किती गेल्या हे मोजतो. मला वाटते, प्रत्येक मंदीत खरा निवाडा एकाच गोष्टीवर होतो: कोण थांबू शकतो आणि कोण नाही. ज्याला थांबता येते त्याचे नुकसान कागदावर होते आणि यथावकाश भरून निघते. ज्याला थांबता येत नाही तो पडलेल्या भावात विकून बसतो, आणि विकलेले परत येत नाही. पुढे लिहिले आहे ते सगळे या एका म्हणण्याभोवती आहे.

आधी तालुका कसा आहे ते सांगतो. भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला लाखांदूर. एका अंगाला वैनगंगा, तिच्या पलीकडे ब्रह्मपुरी; दक्षिणेला गडचिरोलीतले वडसा; पूर्वेला गोंदियातले अर्जुनी मोरगाव. मधून चुलबंद वाहते. रेल्वे धरायची तर वडसा गाठावे लागते. वरठीचा पोलाद कारखाना, जवाहरनगरची आयुध निर्माणी, गडेगावचा वाहन कारखाना हे सगळे जिल्ह्याच्या वरच्या भागात. इथे आहे ते धान, जोडीला लाखोरी, थोडे कडधान्य, भाजीपाला, आणि पाणी असेल तिथे उन्हाळी धान. म्हणजे वर्षातले रोख पैशाचे दार मुख्यतः एकदा उघडते, ते नोव्हेंबर-डिसेंबरात. ज्याच्याकडे उन्हाळी धानाचे पाणी आहे त्याला ते मे-जूनमध्ये पुन्हा उघडते. इटियाडोह धरणाचे पाणी तालुक्यातल्या काही गावांना मिळते. गोसेखुर्द धरणाचे भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते एप्रिल १९८८ मध्ये झाले, तेव्हा प्रकल्पाची किंमत ३७२ कोटी होती. पुढे ती १८ हजार कोटींच्या वर गेली. एवढ्या वर्षांत ज्याच्या बांधीपर्यंत नहर पोचला आणि ज्याच्या बांधीपर्यंत तो पोचला नाही, त्यांच्यातले अंतर दरवर्षी एका पिकाने वाढत गेले आहे.

आता पैशाचा हिशेब. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. समजा दोन एकरांत ३० क्विंटल धान झाले आणि खळ्यावर क्विंटलमागे चारशे रुपये कमी मिळाले. बारा हजार गेले. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. त्या हिशेबाने हे ३८ दिवसांहून अधिक दिवसांचे काम झाले. दोन एकरवाल्याने बांधीत काम करून जेवढे मिळवले असते त्यातून ३८ दिवसांची मजुरी त्याने केवळ घाई असल्याबद्दल दिली. वीस एकरवाल्याने ती दिली नाही. हे अंतर कष्टाने पडलेले नाही आणि अकलेनेही नाही.

मग दोन एकरवाला धान केंद्रावर का घालत नाही? तिथली वाट अशी आहे. ऑनलाइन नोंदणी करायची. त्यासाठी सातबारा, आधार, बँकेचे पासबुक. ओलावा १७ टक्क्यांच्या आत हवा. खरेदी हेक्टरी मर्यादेत. धान चाळून, ४० किलोच्या कट्ट्यात भरून, शिवून द्यायचे. केंद्रावर बारदाना आलेला हवा, गोदामात जागा हवी, आणि गोदामातले आधीचे धान गिरण्यांनी भरडाईसाठी उचललेले हवे. यातली एक कडी निसटली की सगळे अडते. २०२१ मध्ये भरडाईच्या दरावरून गिरणीमालक आणि सरकार यांचे जमेना, गोदामे रिकामी होईनात आणि पूर्व विदर्भात उन्हाळी धानाची खरेदी रखडली. त्यात मालाचे पैसे खात्यावर यायला आठवडे लागतात. हमीभाव कागदावर सगळ्यांना सारखा आहे, पण तो मिळेपर्यंत तग धरण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा आहे. शांता कुमार समितीने २०१५ मध्ये सांगितले होते की देशातल्या जेमतेम सहा टक्के शेतकऱ्यांनी सरकारी यंत्रणेला हमीभावाने माल विकला. भंडारा-गोंदियात खरेदीचे जाळे इतर जिल्ह्यांपेक्षा दाट आहे, म्हणून इथली स्थिती बरी. तरीही खळ्यावरची गाडी दरवर्षी येते, आणि तेच धान दुसऱ्यांच्या सातबाऱ्यावर केंद्रात गेल्याच्या तक्रारीही दरवर्षी येतात.

सगळ्यांत बिकट अवस्था बटईने किंवा ठेक्याने शेती करणाऱ्याची. त्याच्या नावाचा सातबाराच नाही. २०२०-२१ मध्ये राज्य सरकारने धानाला क्विंटलमागे ७०० रुपये बोनस दिला. पुढच्या वर्षी काहीच नाही. २०२२-२३ पासून तो हेक्टरी झाला: आधी १५ हजार, मग २० हजार, दोन हेक्टरपर्यंत. क्विंटलवरच्या बोनसात लबाडीला वाव होता, हे खरे. पण हेक्टरी बोनस जमीन ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात जातो. चिखलात वाकलेल्या माणसाला तो मालकाच्या मर्जीवर मिळतो. सरकारने मदत दिली आणि ती वर्गवारीच्या वरच्या पायरीवर थांबली, असे इथे अगदी सहज घडते.

मंदी म्हणजे २००८ किंवा २०२० एवढेच आपण धरतो. लाखांदूरसारख्या तालुक्यात त्यांच्या मधलेही एक वर्ष धरावे लागते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १,००० च्या नोटा रद्द झाल्या. चलनातल्या रकमेपैकी ८६ टक्के रक्कम या नोटांत होती. तारीख बघा: धानाची मळणी सुरू होती. १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली. गावातल्या शेतकऱ्याचे पीककर्ज आणि बचत याच बँकेच्या शाखेत किंवा सोसायटीत असते. व्यापाऱ्याकडे नवी नोट नाही, म्हणून तो जुनी नोट देई किंवा उधारीवर माल मागे. ज्याच्याकडे राष्ट्रीयीकृत बँकेचे खाते, चेकबुक आणि दोन महिने पुरेल एवढा पैसा होता त्याने रांगेत उभे राहण्याचा त्रास सोसला. बाकीच्यांनी धानाचे नुकसान सोसले. मजुरांची मजुरी थकली, बाजारात भाजी उठेना, बांधकामे थांबली. त्या हंगामात पडलेला खड्डा बुजला की नाही हे तपासायला कोणी आले नाही.

मग २०२०.

धान घरात आले की जानेवारीपासून इथे हाताला काम नसते. मार्च-एप्रिलात मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता, मधल्या काळात विटाभट्ट्या, पवनी-भिवापूरकडे मिरचीचे देठ खुडण्याचे काम. हे पुरत नाही. म्हणून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांतून बाया-माणसे टोळ्यांनी तेलंगणात मिरची तोडायला जातात: खम्मम, वरंगल, भद्राचलमच्या पट्ट्यात. शेताच्या कडेला पाल टाकून राहतात. मजुरी तोडलेल्या मालावर. काहींना तिचा काही भाग मिरचीच्या रूपानेच मिळतो. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा मिरचीचा हंगाम ऐन भरात होता. तोडाई थांबली, गाड्या बंद, राज्याच्या सीमा बंद. लोक चालत निघाले. गोदावरी ओलांडून सिरोंच्यात शिरले तरी तिथून वडसा अडीचशे किलोमीटरच्या घरात. आलापल्ली, आष्टी, चामोर्शी करत मिरचीची बोचकी आणि लेकरे घेऊन ही माणसे एप्रिलच्या उन्हात चालत आली. छत्तीसगडच्या बिजापूरची एक बारा वर्षांची मुलगी याच मिरचीच्या शेतांतून परतताना, गाव हाकेवर असताना रस्त्यात गेली. तिची बातमी झाली म्हणून आपल्याला ती ठाऊक आहे.

गावात आल्यावर शाळेत विलगीकरण. नंतर घर. घरात तांदूळ होता, आणि हे मी आवर्जून लिहितो, कारण एप्रिल २०२० पासून माणशी पाच किलो मोफत धान्य मिळाले नसते तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही. पण रोकड नव्हती. जनधन खाते असलेल्या बाईला तीन महिने दरमहा पाचशे, म्हणजे एकूण दीड हजार मिळाले. बचत गटाच्या आणि खासगी वित्त कंपन्यांच्या कर्जाचा हप्ता बहुतेक ठिकाणी त्याहून मोठा होता. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्टपर्यंत हप्ते लांबवण्याची मुभा दिली. हप्ता लांबला, पण व्याज चालूच राहिले. ज्याचा पगार चालू होता त्याने हप्ते भरले आणि सुटला. ज्याचा रोज बुडाला होता त्याने हप्ते लांबवले आणि मुदत संपल्यावर त्याच्यापुढे मोठा आकडा उभा राहिला.

त्या वर्षी एवढ्यावर भागले नाही. रोवणी आटोपली, धान पोटरीवर यायला लागले आणि ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला पूर आला. वर मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस, संजय सरोवराचा विसर्ग, खाली गोसेखुर्दचे दरवाजे. भंडारा शहरापासून पवनी, लाखांदूर, ब्रह्मपुरी, वडशापर्यंत नदीकाठची गावे पाण्यात गेली. चुलबंदचे पाणी वैनगंगेत शिरेना आणि मागे फुगत राहिले. पाणी ओसरले तेव्हा बांध्यांत गाळ होता आणि रोपे कुजलेली होती. मार्चमध्ये मजुरी गेली, ऑगस्टमध्ये पीक गेले. आणि ज्यांचे दोन्ही गेले ती माणसे एकच होती.

याच महिन्यांतले दुसरे आकडे इथेच ठेवतो. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स २६ हजारांच्या खाली बंद झाला. त्या दिवशी श्रीमंतांचे लाखो कोटी रुपये बुडाल्याचे मथळे आले. रिझर्व्ह बँकेने रेपो दर मेपर्यंत चार टक्क्यांवर आणला, पैसा स्वस्त झाला. २१ जानेवारी २०२१ रोजी सेन्सेक्सने ५० हजारांना स्पर्श केला. दहा महिन्यांत जवळजवळ दुप्पट. ज्याने मार्चमध्ये शेअर विकले नाहीत त्याचे काहीच गेले नाही. ज्याने मार्चमध्ये विकत घेतले तो श्रीमंत झाला. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२१ च्या अहवालाने सांगितले की साथीच्या वर्षात आणखी २३ कोटी माणसे राष्ट्रीय किमान वेतनाच्या रेषेखाली ढकलली गेली. ऑक्सफॅमने सांगितले की टाळेबंदीच्या काळात भारतातल्या अब्जाधीशांची संपत्ती ३५ टक्क्यांनी वाढली.

आणि सोने. ऑगस्ट २०२० मध्ये दहा ग्रॅमला ५५ हजारांच्या पुढे भाव गेला. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने सोनेतारणावर किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची परवानगी दिली. अडलेल्या माणसाला आधार म्हणूनच ती दिली होती. पोत, डोरले, लेकीच्या लग्नासाठी जपलेले कानातले सावकाराच्या किंवा सोनेतारण कंपनीच्या कपाटात गेले. काहींनी सोडवले, काहींचे लिलावात गेले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच दहा ग्रॅमचा भाव एक लाखावर गेला. पाच वर्षांपूर्वी ज्या घरातून ते गेले त्या घराने वाढीचा हा सगळा फायदा दुसऱ्याच्या पदरात टाकला. मंदी गरिबाकडून मालमत्ता काढून श्रीमंताकडे कशी नेते, हे समजायला आणखी मोठे उदाहरण लागत नाही.

हे पूर्वीही झाले आहे, याच मुलखात. १९२९ नंतरच्या महामंदीत शेतमालाचे भाव दोन-तीन वर्षांत निम्म्यावर आले. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता, गावे मालगुजारांची होती. धानाचा भाव पडला, पण शेतसारा आणि सावकाराचे देणे ठरल्या रकमेचे होते. तेवढाच पैसा द्यायला दुप्पट धान लागू लागले. कर्ज इतके साचले की मध्य प्रांत सरकारला १९३३ मध्ये कर्ज-समेटाचा कायदा करावा लागला. अशा तऱ्हेचा देशातला तो पहिला कायदा. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्ण परिमाण सोडले, सोन्याचा भाव वाढला, आणि हिंदुस्थानच्या खेड्यापाड्यांतून बायांच्या अंगावरचे सोने शेकडो कोटींच्या हिशेबाने मुंबई बंदरातून बाहेर गेले. सरकारला त्यात बाहेरची देणी भागल्याचे समाधान होते. घरांत काय उरले, याची नोंद कोणत्याही ताळेबंदात नव्हती.

मालगुजारी १९५१ मध्ये संपली. मालगुजारांच्या आणि कोहळी समाजातल्या जाणत्यांच्या पुढाकाराने बांधलेले तलाव, आज ज्यांना मामा तलाव म्हणतात, ते सरकारजमा झाले. सत्ता बदलली हे चांगलेच झाले. पण तलावांचा गाळ काढण्याची जबाबदारी कोणाची, हे नीट ठरले नाही. गाळाने उथळ झालेला तलाव रोवणीपुरते पाणी देतो आणि आश्विनात दगा देतो. स्वतःची बोअर आणि मोटरपंप असलेला शेतकरी त्याही वर्षी पिकवतो.

मंदीत अशा मुलखावर आणखी एक ओझे येते, ते परतणाऱ्या माणसांचे. पुण्यात, नागपुरात, हैदराबादेत गेलेली पोरे घरी येतात आणि त्याच दोन एकरांत उतरतात. सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत शेतीवर काम करणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता; तो २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्क्यांवर गेला. विकास होत असताना हा आकडा घटायला हवा, इथे तो वाढला. आकडेवारीत ही माणसे बेरोजगार दिसत नाहीत. ती शेतात असतात, म्हणून 'रोजगारात' असतात. धान तेवढेच, वाटेकरी वाढलेले. डॉ. आंबेडकरांनी १९१८ मध्ये हिंदुस्थानातल्या लहान धारणक्षेत्रांवर लिहिलेल्या निबंधात नेमके हेच दुखणे दाखवले होते: जमिनीचे तुकडे लहान आहेत हे वरचे लक्षण, तिच्यावर रिकाम्या हातांचा भार आहे हे मूळ, आणि उपाय म्हणजे उद्योगधंदे. हेच बाबासाहेब १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीला उभे होते आणि पडले. त्यांच्या निबंधाला शंभरावर वर्षे झाली. लाखांदुरातून वडसा स्टेशनकडे निघालेला तरुण आजही त्याच पानावर आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. मंदीत श्रीमंतांचे रुपयांतले नुकसान अधिक असते, त्यामुळे मंदीच्या वर्षात वरच्या एका टक्क्याचा वाटा कधी कधी कमीही दिसतो. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर होता, मार्च २००९ मध्ये आठ हजारांच्या घरात. पण नोव्हेंबर २०१० मध्ये तो पुन्हा २१ हजारांवर पोचला. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ इमॅन्युएल साएझ यांनी दाखवले की २००९ ते २०१२ या सावरण्याच्या काळात झालेल्या उत्पन्नवाढीतला ९५ टक्के हिस्सा वरच्या एका टक्क्याला गेला. म्हणून विषमता मोजायची ती घसरणीच्या वर्षात मोजून उपयोग नाही. सावरण्याच्या वर्षात मोजायला हवी. भारतात २०२२-२३ मध्ये, म्हणजे साथीतून सावरून झाल्यावर, वरच्या एका टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नातले २२.६ टक्के आणि संपत्तीतले ४०.१ टक्के होते. खालच्या अर्ध्या लोकसंख्येकडे उत्पन्नातले १५ टक्के. हा अंदाज पिकेटी, चॅन्सेल, भारती आणि सोमंची यांच्या २०२४ च्या अभ्यासातला.

सरकारची घरखर्चाची पाहणी उलटे सांगते: ग्रामीण भागातली खर्चातली विषमता २०२२-२३ ते २०२३-२४ मध्ये घटली, गिनी गुणांक ०.२६६ वरून ०.२३७ वर आला. मला यात विरोध वाटत नाही. मोफत धान्य मिळते. ताटातले अंतर कमी झाले असेल, आणि ते मोलाचे आहे. पण ताट भरलेले असले तरी संकटात धरून ठेवायला काही नसेल, तर पुढच्या मंदीत पुन्हा खळ्यावर विकणे आलेच. खर्चाची पाहणी थांबण्याची ऐपत मोजत नाही.

तेजीसुद्धा गरिबाच्या वाट्याला अर्धवट येते. २०२३ मध्ये जगात तांदळाचे भाव चढले. २० जुलै २०२३ रोजी सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, पाठोपाठ उकड्या तांदळावर २० टक्के शुल्क लावले. बंदी सप्टेंबर २०२४ अखेर उठली. तांदूळ विकत घेऊन खाणाऱ्याला याने दिलासा मिळाला, हे नाकारता येत नाही. भूमिहीन मजूरही तांदूळ घेऊनच खातो. पण जगभरातल्या चढ्या भावाचे एक पूर्ण खरीप धान उत्पादकाच्या हातून गेले, आणि शहरातल्या ग्राहकाला स्वस्ताई देण्याचा खर्च दोन एकरवाल्याच्या माथी बसला. भाव पडतो तेव्हा बाजाराचा नियम सांगायचा आणि चढतो तेव्हा दार लावायचे, हा व्यवहार मला पटत नाही. ग्राहकाला सवलत द्यायची असेल तर ती तिजोरीतून द्यावी.

गरजूचा भार असा तिजोरीतून उचलणे महाराष्ट्राने कधीकाळी करून दाखवले आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगलीच्या तासगाव तालुक्यात विसापूरला जो प्रयोग केला त्यातून रोजगार हमीची कल्पना आली. १९७२ च्या दुष्काळाने ती राज्यभर नेली, १९७७ मध्ये कायदा झाला. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये 'भारतातील दारिद्र्य' मांडताना दाखवले होते की साठच्या दशकातल्या वाढीचा लाभ वरच्या थरांतच राहिला, आणि त्यांनीही हमीच्या कामाचाच मार्ग सुचवला. या योजनेतला सर्वांत धाडसी भाग तिच्या पैशाचा होता. शहरातल्या पगारदारांवर, व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम दिले. दुष्काळात ज्याचा पगार चालू राहतो त्याने ज्याचा रोज बुडतो त्याच्यासाठी द्यावे, हे इतक्या उघडपणे लिहिलेला कायदा देशात दुसरा नव्हता. मुंबईत पगाराच्या चिठ्ठीवर आजही ती दोनशे रुपयांची ओळ असते. ती कशासाठी सुरू झाली हे फार थोड्यांना आठवते.

२०२०-२१ मध्ये केंद्राने रोजगार हमीला ४० हजार कोटी वाढवून दिले, देशभरात ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झाले. महाराष्ट्रात मजुरी २०६ वरून २३८ वर गेली होती. तलावाचे खोलीकरण, पांदण रस्ते, बांध्यांची दुरुस्ती: परतलेल्या माणसांना गावातच हे काम मिळाले. मला त्या वर्षातली हीच एक गोष्ट पूर्ण बरोबर झालेली वाटते. पण मजुरी कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांत मिळायला हवी आणि ती रखडते. रोजच्या रोज पैसे लागणारा माणूस रखडलेल्या मजुरीसाठी थांबू शकत नाही, म्हणून तो पुन्हा मिरचीच्या टोळ्या नेणाऱ्या गुत्तेदाराकडे जातो, उचल घेतो आणि गाडीत बसतो.

मंडई आणि नाटकाबद्दल लिहिल्याशिवाय या मुलखाच्या अर्थकारणावर लिहिणे अपुरे राहील. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते, मग दंडार, मग नाटके. वडसा ही झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. तिथल्या कंपन्यांचे प्रयोग होळीपर्यंत रात्रभर चालतात. गावचे मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देते आणि तिकिटे विकून ती उभी करते. हा सारा पैसा धानाचा. कलावंत, ऑर्गन-तबलावाले, नेपथ्याचे, मंडपाचे, चहा-भज्यांचे ठेले, पाळणेवाले, सगळ्यांची चूल त्यावर. ज्या वर्षी धानाचे चुकारे वेळेवर येतात त्या वर्षी मंडप भरतो. २०२०-२१ चा हंगाम साथीत गेला. ज्या कलावंताकडे शेती किंवा नोकरी होती त्याने वर्ष काढले; रात्रीच्या मानधनावर जगणाऱ्याला मजुरीला जावे लागले. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेले गडचिरोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याचा साऱ्या झाडीपट्टीला अभिमान वाटला. हंगाम बुडाला तर वादकाला आणि पडदे ओढणाऱ्याला काय मिळावे, याची मात्र अजून कसलीच व्यवस्था नाही.

करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे जुनेच आहे. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे: माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम उचलायची, सहा महिन्यांपर्यंत सहा टक्के व्याज. खळ्यावरच्या घाईला यापेक्षा नेमके औषध नाही. पण गोदाम तालुक्याच्या गावी आणि धान दहा-पंधरा किलोमीटरवर असेल तर चार-सहा क्विंटलसाठी ट्रॅक्टर कोण करणार? गोदाम सोसायटीच्या पातळीवर, पाच-सात गावांत एक, असे हवे. खरेदी केंद्रे हलके धान निघते तेव्हाच, दिवाळीच्या आधी, बारदान्यासह उघडायला हवीत आणि निम्मे पैसे काट्यावरच मिळायला हवेत. बटईदाराची नोंद ग्रामसभेच्या दाखल्यावर घ्यावी. सातबाऱ्यावर हक्क न सांगता फक्त पिकावरचा हक्क देता येतो. आणि तेलंगणाकडे जाणाऱ्या गाड्या डिसेंबरच्या अखेरीपासून भरायला लागतात, हे इथल्या प्रत्येक ग्रामसेवकाला माहीत आहे. मामा तलावांच्या गाळाची अंदाजपत्रके दिवाळीपूर्वी मंजूर झाली आणि रोजगार हमीचे मस्टर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघाले, तर गुत्तेदाराची उचल घ्यायची की नाही हे त्या घरातली बाई स्वतः ठरवू शकेल.